युरोप ऐकू येतो, पुणं का नाही? हॅम रेडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या वाचकांनी पाठवलेल्या रेडिओविषयीच्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारख्या विषयांची पत्रं एकत्र केली आहेत. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा बिनतारी रेडिओ, आणि तो चालवणाऱ्यालाही हॅमच म्हणतात.

आमच्या मंडळाची अनंत चतुर्दशीला झांकी निघते. पुढचे कार्यकर्ते आणि मागची गाडी यांच्यात ताळमेळ राहावा म्हणून सहा वॉकी-टॉकी घ्यायचे आहेत. ऑनलाइन स्वस्तात मिळतात. घेऊ का? – मंडळाचा कार्यकर्ता, राजेंद्रनगर

संच कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला सरकारची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मान्यता असायला हवी. स्वस्तातले बरेच डबल-बँड (दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचे) संच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे कुठेही बोलू शकतात आणि त्याच पट्ट्यांत सरकारी व व्यावसायिक सेवांचं काम चालतं. असा संच परवान्याशिवाय वापरणंच नव्हे, नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना याच कारणावरून नोटिसा पाठवल्या होत्या. विक्रेत्याला फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही लेखी विचारा. उत्तर टाळलं तर दुसरं दुकान बघा.

आता वापराबद्दल. राजवाड्याच्या गर्दीत, ढोल-ताशांत, संचाच्या स्पीकरचा काही उपयोग नाही, कानात घालायचे इअरपीस घ्या. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘थांबा’ऐवजी नुसतं ‘...बा’ पोचलं तर मागची गाडी थांबणार नाही. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि नेहमीच्या आवाजात बोला, ओरडलं की आवाज फाटतो. सहा जणांपैकी एकालाच सूत्रधार नेमा, बाकीच्यांनी त्याने विचारल्यावर बोलायचं. फक्त धोक्याची सूचना कुणीही, कधीही द्यावी.

आम्हा दोघा मित्रांना हॅमचा परवाना मिळाला आहे. संचाच्या खोक्यावर १० किलोमीटर लिहिलं होतं, पण विजयनगरहून राजेंद्रनगरला काहीच पोचत नाही. जास्त वॅटचा संच घ्यावा का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विजयनगर

नको, आधी अँटेना बदला. हे मी प्रत्येक नव्या हॅमला सांगतो, कारण वॅट विकत घेण्यात फार पैसे वाया जातात.

तुमचे हातातले संच ज्यावर बोलतात, त्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. जमिनीपासूनच्या दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा आणि तिला ४.१२ ने गुणा, की किलोमीटरमध्ये अंदाज मिळतो. दोन माणसं हातात संच धरून सपाट माळावर उभी राहिली, दोन्ही अँटेना दीड मीटरवर असल्या, तर उत्तर येतं जेमतेम १०. खोक्यावरचा आकडा असा मोकळ्या माळाचा असतो. तुमच्या दोघांमध्ये मात्र अख्खं इंदूर उभं आहे, सिमेंट आणि सळया यांच्यासकट. रस्त्यावरून दीड-दोन किलोमीटर मिळाले तरी खूप झालं. आता दोघंही चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, समजा १५ मीटरवर, गेलात तर तेच गणित ३२ किलोमीटर देतं. मधल्या उंच इमारती त्यातून काही कापतील, पण राजेंद्रनगर आवाक्यात येतं.

आता वॅटचं बघा. पाचचे पन्नास वॅट केले तर समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिटसुद्धा (सिग्नलच्या जोराचं माप) वाढत नाहीत. त्याउलट संचाबरोबर येणारी रबरी अँटेना काढून गच्चीवर पाव-तरंगाची, म्हणजे तरंगलांबीच्या साधारण चौथ्या भागाएवढी, उभी अँटेना लावली तर फरक कानाला लगेच कळतो. ४९ सेंटिमीटरची तांब्याची तार, खाली तिरप्या उतरलेल्या तेवढ्याच लांबीच्या चार तारा आणि एक सॉकेट, एवढ्यात ती तयार होते. केबलमध्ये मात्र काटकसर करू नका. पातळ आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली तर निम्मी शक्ती तीच खाऊन टाकते. हातातला संच वापरताना अँटेना उभी धरा, कमरेला अडकवून बोलू नका, शरीर बरीच शक्ती शोषतं.

हे करून झाल्यावर एखाद्या रविवारी महूजवळच्या जानापावला जा. तिथून माळव्याचं पठार एका बाजूला आणि घाटाचा उतार दुसऱ्या बाजूला दिसतो. उंची म्हणजे काय, ते त्याच पाच वॅटमध्ये तिथे कळतं.

माझे धाकटे बंधू पुण्याला असतात, तेही हॅम आहेत. १४ मेगाहर्ट्झवर मला दुपारी युरोपची स्टेशनं स्वच्छ ऐकू येतात, पण बंधूंचा मागमूस नाही. माझ्या अँटेनात दोष आहे का? – निवृत्त बँक अधिकारी, सुदामानगर

अँटेना ठीक आहे, काका, बँड चुकतो आहे.

लांब पोचणाऱ्या लहरी आयनावरणावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर, आपटून खाली येतात. १४ मेगाहर्ट्झची लहर तिरपी गेली तरच परावर्तित होते, सरळ वर गेली तर आयनावरण भेदून अवकाशात निघून जाते. म्हणून ती इंदूरहून निघून कित्येकशे किलोमीटर पलीकडे उतरते आणि मधला पट्टा कोरडा राहतो. पुणं आपल्यापासून हवाई अंतराने साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे बहुधा याच कोरड्या पट्ट्यात. देवासचा हॅम तर त्याहून जवळ, तोही तुम्हाला याच कारणाने बहुधा ऐकू येणार नाही.

बंधूंशी बोलायला ७ मेगाहर्ट्झवर या. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ आहे. या फ्रिक्वेन्सीची लहर दिवसा बऱ्यापैकी उभी वर जाऊनही परत येते, म्हणून पुणं, मुंबई, नागपूर सगळे पोचतात. अर्ध्या तरंगाच्या डायपोलला, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाला, एकूण २० मीटर तार लागते, दोन्हीकडे १० मीटर. ती फार उंच नेण्याचा हट्ट धरू नका. गच्चीच्या वर थोडी, मध्यभागी बांबूवर चढवून दोन्ही टोकं कठड्याकडे उतरवलीत तर जवळच्या अंतरासाठी ती उत्तमच चालते. वेळ सकाळी नऊ-दहाची ठेवा. दुपारी आयनावरणाचा खालचा थर याच बँडची शक्ती शोषतो, आणि रात्री वरचा थर विरळ होऊन पुणं पुन्हा कोरड्या पट्ट्यात जातं. तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर हजारो किलोमीटरची स्टेशनं येतील, बंधू येणार नाहीत.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. ढग गडगडायला लागण्याआधीच अँटेनाची केबल संचापासून सोडवा आणि घराबाहेर ठेवा.

रोज संध्याकाळी सातनंतर ७ मेगाहर्ट्झवर करकर सुरू होते. – एक वाचक, अन्नपूर्णा रोड

घराचा मेन स्विच बंद करा आणि संच बॅटरीवर चालवा. करकर थांबली तर दोष घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर सापडतो. त्याच्या वायरवर फेराइट कोअर (करकर दाबणारं चुंबकीय कडं) बसवा किंवा ती वस्तू बदला. मेन बंद करूनही करकर राहिली तर शेजाऱ्यांशी गोडीत बोला.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला हॅम व्हायचंय. वय चालेल का? आणि आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना हे शिकून उपयोग काय, असं तिचे आजोबा विचारतात. – आई, इंदूर

वय चालेल, किमान वय १२ आहे. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर परीक्षा असते. मर्यादित श्रेणीत उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू३ने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळतो. सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही (ठिपके-रेषांची सांकेतिक लिपी) यावं लागतं, तिथे व्हीयू२. तेरा वर्षांचं डोकं मोर्स पटकन उचलतं, आत्ताच सुरू करा. ठिपके-रेषा कागदावर पाठ करवू नका, कानाने शिकवा.

परवाना येईपर्यंत तिने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐकावं. त्याचं हॅम प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतं. डोक्यावरून जाताना ते जास्तीत जास्त दहाएक मिनिटं आवाक्यात असतं. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे असताना भारतातल्या मुलांशी हॅम रेडिओवर बोलले होते.

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना २००४ ची त्सुनामी सांगा. हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. २६ डिसेंबरला लाटा आल्या, दळणवळण कोसळलं, आणि व्हीयू४आरबीआय या कॉल साइनवरून त्यांनी अंदमानातल्या लोकांची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचवली. मोबाइलला टॉवर, वीज आणि मधली केबल लागते. हॅमला एक बॅटरी, एक तार आणि ती वापरता येणारा माणूस पुरतो. तो माणूस संकटाच्या दिवशी तयार करता येत नाही, त्यासाठी आधी काही वर्षं रोज संध्याकाळी बोललेलं असावं लागतं. म्हणून तिला शिकवा.

परीक्षा पास झाले, संच आला, पण बटण दाबायला धीर होत नाही. लोक हसतील असं वाटतं. – गृहिणी, स्नेहनगर

ताई, कुणी हसत नाही. नवा आवाज आला की बँडवरचे सगळे खुर्ची पुढे ओढतात.

दोन-तीन दिवस नुसतं ऐका. कोण कधी येतं, एकमेकांना जागा कशी देतात, हे कानावर पडू द्या. मग दोन जणांचं बोलणं संपून शांतता झाली की फक्त तुमचा कॉल साइन सांगा. अक्षरं ध्वन्याक्षरांत सांगायची, व्हीसाठी व्हिक्टर, यूसाठी युनिफॉर्म अशी. पुढचं बोलणं मराठीत चालतं, हिंदीतही. नाव, गाव, संच कुठला, अँटेना कुठली, हवा कशी, एवढ्यावर पहिली भेट सहज होते. राजकारण, धर्म, धंदा आणि गाणी हवेवर आणायची नाहीत.

समोरचा ‘फाइव्ह नाइन’ म्हणाला तर तुमचा आवाज स्पष्ट आणि जोरदार आहे. ‘थ्री थ्री’ म्हणाला तर नाराज होऊ नका, अँटेना हलवून पुन्हा विचारा. निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा, म्हणा आणि तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन लगेच वहीत लिहा. लॉगबुक ठेवणं हॅमच्या शिस्तीचा भाग आहे.