स्प्रिंग एअर रायफलचं ट्यूनिंग पुण्यात कुठे करून मिळेल? हेवी स्प्रिंग टाकल्याने फायदा होतो का?

हेवी स्प्रिंग टाकू नका. बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की रायफल वर्षभर वापरात आहे, छर्रा सुटताना आत 'टण्ण' वाजतं, दहा मीटरवर छर्रे वाटीएवढे पसरतात आणि दुकानदार म्हणतो, हेवी स्प्रिंग टाकली की सगळं ठीक होईल. नेमकं हेच आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या सासऱ्यांची एक रायफल होती. जर्मन डायना कंपनीच्या जुन्या मॉडेल 35 च्या घाटणीची, बॅरल मोडून भरायची, आत पिस्टनच्या तोंडाला हवा अडवणारा चामड्याचा वायसर. सासवडकडच्या शेतावर बांधाच्या मातीला कागद लावून ते संध्याकाळी नेम धरत बसायचे. दुर्बीण नाही, साधी माशी आणि खाच. ते गेल्यावर रायफल धाकट्या मेहुण्यांकडे गेली. त्यांना हवी होती पॉवर. पुण्यातल्याच एका दुकानात त्यांनी जाड तारेची स्प्रिंग बसवून घेतली आणि दुकानदाराने वर भोकातून मशीन ऑइलही सोडलं. पहिल्याच बाराला फाट्‌ आवाज, बॅरलमधून धूर. मेहुणे खूश. "बघा दाजी, आता कशी बोलते!"

बोलत होतं ते तेल. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने पिस्टन पुढे झेपावतो, तेव्हा समोरची हवा क्षणात दाबली जाऊन भयंकर तापते, त्यात तेल असलं की डिझेल इंजिनासारखा भडका उडतो. त्या धक्क्यांनी स्प्रिंग आणि वायसर दोन्हींची वाट लागते. पुढच्या दिवाळीला रायफल माझ्याकडे आली ती मेहुण्यांनी वर चढवलेल्या दुर्बिणीची रेघ तिरकी झालेली, दस्त्याचे स्क्रू ढिले आणि भरायला दोन माणसांचा जोर लागेल अशी. स्प्रिंग रायफलचा झटका आधी मागे येतो आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे जातो. हा दुहेरी झटका सोसायला न बनवलेल्या दुर्बिणी त्यात मरतात.

मी आयुष्यभर भोसरीत टूलरूममध्ये फिटर होतो. रायफल उघडली तेव्हा खरा रोग दिसला. सिलिंडरला जी लांब खाच असते, जिथून कॉकिंगची दांडी आत जाते, तिच्या कडेला मूळ मशीनिंगचा बर, म्हणजे धातू कापताना राहिलेली धारदार कड, तसाच उभा होता. बोट फिरवलं तर कातडी सोलेल इतका. वायसर आत सरकवताना त्या बरने त्याची एक बाजू कापून नेली होती. चामडं पापडासारखं कडक. स्प्रिंग मधोमध वाकलेली, आणि आतली मार्गदर्शक नळी तिच्यात खडखडेल इतकी ढिली. तुमचा 'टण्ण' बहुतेक इथूनच येतो: नळी ढिली असली की पिस्टन थांबल्यावर स्प्रिंग तारेसारखी झणझणते.

काम काय केलं? आधी सगळं रॉकेलमध्ये धुऊन कोरडं केलं. खाचेच्या आणि सिलिंडरच्या तोंडाच्या कडा बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने मारल्या. लेथवर डेलरिनची, म्हणजे कडक प्लास्टिकची, मार्गदर्शक नळी काढली, स्प्रिंग तिच्यावर हाताने दाबून जेमतेम चढेल अशी. स्प्रिंग मूळ ताकदीचीच घेतली, पण तिची टोकं सपाट घासून चकचकीत केली, म्हणजे ती दाबली जाताना खरवडत पिळत नाही. नवा चामड्याचा वायसर रात्रभर तेलात भिजत ठेवला. पिस्टनच्या अंगाला आणि नळीला मोलीच्या (मोलिब्डेनमच्या काळ्या वंगणाच्या) पेस्टचा पुसट हात, स्प्रिंगला जाडसर ग्रीस, आणि वायसरच्या पुढे काहीही नाही. खटक्याच्या अडकणीला कानस लावली नाही. ती कोणीच लावू नये, हातात असताना रायफल सुटते.

दिवाळीच्या पाडव्याला कागदावर बसलो. छर्रे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकले जायला लागले. एका पोराचा क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, मागून आणला होता. वेग हेवी स्प्रिंगपेक्षा जरासा कमी, पण प्रत्येक छर्ऱ्याला जवळपास सारखा. मेहुणे म्हणाले, "पण पॉवर गेली ना!"

पॉवरचं हे खूळ मला समजत नाही. सिलिंडरमधली हवा तेवढीच, पुढचं भोक तेवढंच. एका मर्यादेनंतर जाड स्प्रिंगचा जोर छर्ऱ्यात जात नाही, पिस्टन आपटण्यात जातो. जर्मनांची फाइनवेर्कबाऊ 300 ही स्पर्धेची स्प्रिंग रायफल बघा: झटका नेमापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी अख्खी यंत्रणाच रुळांवर मागे सरकती केली. त्या देशात छर्ऱ्याच्या जोराची विनापरवाना मर्यादा 7.5 ज्यूल. इंग्लंडमध्ये 12 फूट-पाउंड, म्हणजे 16 ज्यूलच्या आसपास, आणि तेवढ्यावर ते लोक स्प्रिंग रायफलींनी लांबच्या लक्ष्यांच्या स्पर्धा खेळतात.

पुण्यात कुठे, तर दुकानाचं नाव मी देणार नाही. बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्यांना विचारा. त्यांच्या रायफली आता दाबलेल्या हवेच्या सिलिंडरच्या असतात, पण जुन्या स्प्रिंगवाल्यांचे हात त्यांना माहीत असतात. नळी कुठलाही चांगला लेथवाला काढून देईल. पण उघडायच्या आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू आवळा, दुसऱ्या कंपनीचे छर्रे मारून बघा, आणि रायफल घट्ट आवळून न धरता पुढचा हात नुसता खाली ठेवून मारा. निम्मे पसरलेले छर्रे तिथेच गोळा होतात.

हो, एक राहिलं. चामड्याच्या वायसरला अधूनमधून तेलाचे एक-दोन थेंब लागतात, त्यामुळे थोडा धूर आला तर घाबरू नका. तुमच्या नव्या रायफलीत बहुधा सिंथेटिक सील असेल, त्याच्यासमोर तेल अजिबात नको. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, क्लॅम्प न लावता मागची पिन काढलीत तर तोंडावर येईल. छर्रा न भरता चाप ओढू नका. बॅरल मोडलेली असताना ती हाताने धरूनच भरा. पावसाळ्यात हात लावला की पुसून ठेवा. आणि आपल्याकडे विनापरवाना सूट 4.5 मिमी आणि 20 ज्यूलच्या आत आहे, हेवी स्प्रिंगच्या नादात ती रेघ ओलांडू नका.

मेहुणे अजूनही प्रत्येक लग्नात सांगतात, तेव्हा पत्र्याचा डबा आरपार जायचा. मी त्यांना कागदावर बोलावतो, ते डब्यावरच अडून बसतात. तुमच्या दुकानदारालाही हेच सांगा: स्प्रिंग टाकण्याआधी पाच छर्रे कागदावर, टाकल्यावर पाच, दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखव. तयार झाला तर पैसे द्या.