सावली, शंकू आणि शिडी

प्रश्न : ६ मीटर उंच खांबावर दिवा आहे. १.८ मीटर उंचीचा माणूस खांबापासून सेकंदाला १.४ मीटर वेगाने दूर चालला आहे. सावलीचं टोक किती वेगाने सरकतं? माझं उत्तर ०.६ येतं, पुस्तकात २ आहे.

उत्तर : तुमचं ०.६ चुकलेलं नाही, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. माणसाचं खांबापासूनचं अंतर क्ष आणि सावलीची लांबी य धरू. खांब आणि सावलीचं टोक यांच्या मोठ्या त्रिकोणाचा पाया क्ष + य, माणूस आणि त्याची सावली यांच्या लहान त्रिकोणाचा य; दोन्ही समरूप, म्हणजे सारख्या कोनांचे. म्हणून ६ ÷ (क्ष + य) = १.८ ÷ य, आणि सोडवल्यावर य = ३क्ष ÷ ७. काळाच्या सापेक्ष विकलन केलं, म्हणजे बदलाचा दर काढला, की सावलीची लांबी सेकंदाला ०.६ मीटरने वाढते, हे मिळतं. टोक मात्र खांबापासून क्ष + य अंतरावर आहे, त्यामुळे त्याचा वेग १.४ + ०.६, म्हणजे २ मीटर. ‘लांबी’ विचारली आहे की ‘टोक’, हे आकृती काढण्याआधीच अधोरेखित करा.

विकलनानंतर क्ष उरलाच नाही, हेही पाहा. माणूस खांबापासून ३ मीटरवर असो की ३० मीटरवर, टोकाचा वेग तोच. गणितात अंतर दिलं असेल आणि ते कुठे वापरावंच लागलं नाही, तर घाबरू नका.

प्रश्न : टोक खाली असलेल्या शंकूची उंची १२ सेमी, वरची त्रिज्या ४ सेमी. सेकंदाला ८ घन सेमी पाणी पडतं. पाणी ६ सेमी खोल असताना पातळी किती वेगाने चढते? त्या क्षणी पाण्याची त्रिज्या २ सेमी आहे, ती घनफळाच्या सूत्रात घातली, तर उत्तर चुकतं. का?

उत्तर : ही चूक मी वह्यांमध्ये सगळ्यात जास्त पाहिली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. २ ही त्रिज्या फक्त त्या एका क्षणाची आहे. विकलनाआधीच ती घातलीत की तुम्ही तिला स्थिर केलंत, आणि शंकू नकळत नळकांड्यासारखा झाला. पाणी चढतं तशी त्रिज्याही वाढते, हे त्या सूत्राला आता कळणारच नाही.

समरूप त्रिकोण वापरायचे ते इथेच. शंकूच्या उभ्या छेदात पाण्याचा त्रिकोण आणि भांड्याचा त्रिकोण यांचा आकार कायम सारखा, म्हणून त्रिज्या = उंची ÷ ३. हे नातं प्रत्येक क्षणी खरं आहे, त्यामुळे ते आधी घालायला हरकत नाही. मग घनफळ = पाय (π) × उंची³ ÷ २७. विकलन केल्यावर घनफळाचा दर = (पाय × उंची² ÷ ९) × उंचीचा दर. आता ६ घाला: ८ = ४ पाय × उंचीचा दर. उत्तर २ ÷ पाय, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६४ सेमी. तुमच्या रीतीने ६ ÷ पाय आलं असणार, बरोबर तिप्पट.

ताळा करायचा असेल तर पडणारं पाणी पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागा. त्रिज्या २ म्हणजे क्षेत्रफळ ४ पाय, आणि ८ ÷ ४ पाय हेच आपलं उत्तर. मला हा ताळा फार आवडतो, कारण पातळी चढणं म्हणजे नेमकं काय ते त्यात दिसतं.

प्रश्न : भिंतीवरून घसरणाऱ्या शिडीलाही समरूप त्रिकोण लावता येतील का?

उत्तर : नाही. तिथे त्रिकोण एकच, त्याला जोडीदार नाही, आणि कोनही सतत बदलतो. तिथे पायथागोरस.

प्रश्न : जमिनीवरच्या दिव्यापासून १२ मीटरवर भिंत आहे. २ मीटर उंचीचा माणूस सेकंदाला १.६ मीटर वेगाने भिंतीकडे चालला आहे. दिव्यापासून ४ मीटरवर असताना भिंतीवरच्या सावलीच्या उंचीचा दर मला उणे आला. चुकलं का?

उत्तर : उणेच यायला हवा. माणूस दिव्यापासून दूर जातो तशी सावली बुटकी होते. इथे क्ष म्हणजे माणसाचं दिव्यापासूनचं अंतर; समरूप त्रिकोणांवरून सावलीची उंची = २४ ÷ क्ष, म्हणून तिचा दर = −(२४ ÷ क्ष²) × १.६. क्ष = ४ घातल्यावर सेकंदाला उणे २.४ मीटर, ८ मीटरवर तोच दर उणे ०.६. खांबाच्या गणितासारखा क्ष इथे गळून पडत नाही, त्यामुळे या वेळी दिलेलं अंतर वापरावंच लागतं.