विसाव्यासाठी आलो, काम घेऊन परतलो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहा वर्षे धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, गायनमंडळात आहे आणि गेल्या वर्षापासून धर्मग्राम (पॅरिश) परिषदेची चिटणीसही आहे. रविवारी घरी येते तेव्हा आठवड्यातल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त थकलेली असते. मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) चालू असताना मन पुढच्या गीताच्या क्रमांकावर असते. सोडून द्यावे म्हटले तर देवाला फसवल्यासारखे वाटते.

उत्तर : ताई, यात देवाची फसवणूक मुळीच नाही. तीन माणसांचे काम एका माणसाच्या खांद्यावर आले आहे. हा व्यवस्थेतला दोष आहे, तुमच्या श्रद्धेतला नव्हे.

रविवार कसा पाळावा हे सांगणाऱ्या चर्चच्या कायद्यातल्या १२४७ व्या कलमाचे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना पाठ असतो : मिस्सेत सहभागी व्हा. दुसरा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. उपासनेच्या, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या आणि शरीर-मनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामे त्या दिवशी टाळा, असे तो सांगतो. ते काम देवळातले असले म्हणून ते आड येत नाही, असे थोडेच आहे?

या आठवड्यात एका कागदावर तिन्ही जबाबदाऱ्या लिहा आणि प्रत्येकीसमोर खरे तास मांडा. तासाभराच्या वर्गामागे तयारीचा वेळ असतो, पालकांचे फोन असतात, हजेरी असते. तेही धरा. मग स्वतःला विचारा : एकच ठेवायचे तर कोणते ठेवीन? बहुतेकांना उत्तर लगेच येते. तेच ठेवा.

उरलेल्या दोन जबाबदाऱ्या आज रागाच्या भरात टाकू नका. नेमके इथेच बिघडते. वर्षाच्या मध्ये वर्ग सोडला की मुले वाऱ्यावर पडतात, अपराधीपणा येतो आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच उभ्या असता. धर्मगुरूंना लेखी कळवा आणि तारीख घाला : या सत्राच्या शेवटी, किंवा आजपासून तीन महिन्यांनी. ‘जरा कमी करीन म्हणते’ असे तोंडी सांगितलेले कुणाच्या कानात शिरत नाही. शेवटचे चार आठवडे नव्या व्यक्तीला सोबत घेऊन काम करा आणि याद्या, किल्ल्या, इतिवृत्ताची वही तिच्या हाती द्या. मात्र बदली माणूस शोधून देण्याची अट स्वतःवर घेऊ नका. दोन नावे सुचवा आणि थांबा. निवड करणे धर्मगुरूंचे आणि परिषदेचे काम आहे.

शिवाय आठवड्यातून एक मिस्सा अशी ठेवा की जिथे तुमच्याकडे काहीच काम नाही. रविवारी सकाळी गाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी नुसत्या भाविक म्हणून जा, किंवा आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी जा. गायनमंडळ दिसणार नाही अशा बाकावर बसा. पहिल्या दोन-तीन वेळा हात रिकामे असल्याची अस्वस्थता येईल, उठून काहीतरी सावरावेसे वाटेल. बसून राहा.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) सहाव्या अध्यायात प्रेषित, म्हणजे येशूचे निवडक शिष्य, सेवेवरून परततात आणि केलेले सगळे येशूला सांगतात. तो त्यांना पुढच्या कामांची यादी देत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून तो त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असे सांगतो. पुढचे आपण फारसे वाचत नाही : लोक त्यांच्या आधीच तिथे पोहोचतात आणि तो विसावा मोडतो. पण त्याच संध्याकाळी शिष्यांना पुढे पाठवून, लोकांचा निरोप घेऊन येशू प्रार्थनेसाठी डोंगरावर जातो. तुमचाही विसावा मोडेल. मोडला की त्याच आठवड्यात त्याला दुसरी जागा शोधा.

परिषदेत असेपर्यंत एक ठराव जरूर मांडा : प्रत्येक सेवेला मुदत असावी, समजा तीन वर्षे, आणि त्यानंतर किमान एक वर्ष सक्तीची सुटी. धर्मगुरूंना वर्षाला एक महिन्यापर्यंत रजा घेता येते, हे कायद्यातच (कलम ५३३) लिहिले आहे. स्वयंसेवकांसाठी असे कुणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून ते धर्मग्रामानेच ठरवायचे.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा आणि एक वर्षाची मुलगी. मिस्सा म्हणजे आम्हा नवरा-बायकोसाठी तासाभराची झटापट. काहीच पदरात पडत नाही.

उत्तर : पदरात पाडून घ्यायचे ते शनिवारी रात्रीच घ्या. मुले झोपली की रविवारचे शुभवर्तमान दोघांनी मोठ्याने वाचा, दहा मिनिटे पुरतात. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे : एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान अधूनमधून, विशेषतः ईस्टरच्या काळात. त्यातले एक वाक्य निवडा. दुसऱ्या दिवशी तेवढे एकच ऐकू आले तरी खूप झाले.

देवळात पुढे, कडेच्या बाकावर बसा. मागे बसलेल्या मुलाला फक्त पाठी दिसतात आणि तो कंटाळतो. पुढे त्याला मेणबत्त्या, वेदी, धर्मगुरूंचे हात दिसतात. दहा मिनिटे आधी पोहोचा आणि त्याला एक फेरी मारू द्या. रडू आवरले नाही तर बाहेर जा, पण शांत झाल्यावर आत या. बाहेरच राहण्याची सवय लागली की पुढे वर्षभर व्हरांड्यातच उभे राहणे होते. महिन्यातून एकदा एकाने मुलांना घरी सांभाळावे आणि दुसऱ्याने शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला एकट्याने जावे. पुढच्या महिन्यात अदलाबदल करा. आणि तान्ह्या बाळाच्या देखभालीमुळे एखाद्या रविवारी खरोखरच जमले नाही तर ते पाप नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातच हे कारण उदाहरण म्हणून दिले आहे.

प्रश्न : वर्षभरापासून प्रार्थनेत काहीच वाटत नाही. शब्द कोरडे, देऊळ परके. आशा कुठून आणायची?

उत्तर : आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीचा उपाय केला तर दुखणे वाढते.

पहिली, शरीराचा थकवा. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू येतो तो नंतर, होरेब डोंगरावर. तुमची झोप कित्येक महिने अपुरी असेल तर प्रार्थनेची वेळ वाढवू नका. झोपेची वाढवा.

दुसरी, नैराश्याचा आजार. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच, अगदी आवडत्या गोष्टीतही, रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःला निरुपयोगी समजत असाल, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणालातरी सांगा आणि एकटे राहू नका. पुन्हापुन्हा कन्फेशनला (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला) जाऊन हा आजार बरा होत नाही. समंजस धर्मगुरूही तुम्हाला हेच सांगतील. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

हे दोन्ही नसेल तर तिसरी, प्रार्थनेतला शुष्ककाळ. लोयोलाचे संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी त्यासाठी नियम घालून दिला : शुष्ककाळात पूर्वीचा निर्णय बदलू नका. मन प्रसन्न असताना जे ठरवले ते या काळात मोडू नका. उलट थोडे पुढे जा. पंधरा मिनिटे ठरवली असतील तर सोळा बसा. त्या एका मिनिटाने गोडी येईलच असे नाही. पण किती वेळ बसायचे हे कोरडेपणाने ठरवायचे नाही, एवढे मनाला कळते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियस या साधूने या मरगळीला ‘दुपारचा दुरात्मा’ म्हटले. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, खोली नकोशी होते, दुसऱ्या जागी गेलो तर सगळे ठीक होईल अशी खात्री वाटू लागते. आज तो शेजारच्या धर्मग्रामातले प्रवचन, तिथला गायकवृंद दाखवतो. जायला हरकत नाही, पण शुष्ककाळ सरल्यावर ठरवा.

रात्री दहा-बारा मिनिटे इग्नेशियसच्याच पद्धतीने दिवसाची उजळणी करा. आजच्या दोन-तीन ठोस गोष्टींसाठी आभार माना, मोघम ‘सगळ्यासाठी’ नको. प्रकाश मागा. सकाळपासून दिवस तासातासाने पाहा : कुठे जीव हलका झाला, कुठे जड झाला? चुकले तिथे क्षमा मागा. उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत मागा. नेहमीची चूक म्हणजे या उजळणीचे न्यायालय होते आणि फक्त अपराध मोजले जातात. म्हणून आभार आधी, आणि ते ओलांडून पुढे जायचे नाही.

आणि देवळात येत राहा. येशूने शिकवलेली प्रार्थना ‘आमच्या’ पित्याला आहे, त्यात ‘माझ्या’ हा शब्द कुठेही नाही. तुमच्या तोंडून शब्द फुटत नाहीत तेव्हा शेजारच्या बाकावरची म्हातारी ते म्हणत असते, आणि ते तुमच्याही वतीने असतात. तिचा आवाज ऐकत नुसते उभे राहिलात तरी तुम्ही प्रार्थनेत आहात. धर्मग्राम हवे ते मुख्यतः यासाठी.

प्रश्न : पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला (मिस्सेतल्या पवित्र भाकरीपुढच्या मूक प्रार्थनेला) तासभर बसायचे म्हटले की झोप तरी येते, नाहीतर मन भरकटते.

उत्तर : तासापासून सुरुवात करू नका, वीस मिनिटांपासून करा. फोन घरी किंवा बंद. पुस्तक एकच. लोक चार पुस्तके घेऊन बसतात आणि वाचनालयातून आल्यासारखे परततात. पहिली तीन-चार मिनिटे श्वास आणि पाठ स्थिर करण्यात जाऊ द्या. मग बायबलमधले एक स्तोत्र सावकाश वाचा, २३ वे किंवा १३१ वे. १३१ वे तर अवघ्या तीन ओव्यांचे आहे. एखाद्या शब्दाशी मन थांबले तर पुढे वाचायची घाई करू नका. मन भरकटले की ज्या माणसाकडे गेले त्याचे नाव देवापुढे ठेवा आणि परत या. झोप लागलीच तर लागू द्या. लिझ्यूची संत तेरेजा (१८७३–१८९७) प्रार्थनेत अनेकदा झोपी जाई. आईबापांना लेकरे जागी असोत की झोपलेली, सारखीच लाडकी असतात, असे तिचे म्हणणे.

प्रश्न : बावीस वर्षांनी कन्फेशनला जायचे आहे. प्रार्थना विसरलो, सुरुवात कशी करायची तेही आठवत नाही.

उत्तर : रविवारच्या मिस्सेआधीच्या रांगेत उभे राहू नका. तिथे प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि तुम्हाला मागच्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत राहील. धर्मगुरूंना फोन करून वेगळी वेळ मागा. ओळखीचे नको असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, तो तुमचा हक्क आहे.

आत गेल्यावर एवढेच म्हणा : ‘फादर, बावीस वर्षांनी आलोय, मला मदत करा.’ पुढचे ते विचारतील. आदल्या दिवशी अर्धा तास दहा आज्ञांच्या क्रमाने आठवा. गंभीर पापे कोणत्या प्रकारची आणि साधारण किती वेळा, हे सांगायचे असते. तपशीलवार कहाणी नको, आणि बायकोच्या किंवा भावाच्या चुका तर मुळीच नकोत, त्यांचे त्यांनी पाहावे. प्रामाणिकपणे आठवूनही एखादे राहिले तर त्याचीही क्षमा होते. ते पुढे आठवले आणि गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा. पश्चात्तापाची प्रार्थना येत नसेल तर कागदावरून वाचा किंवा स्वतःच्या शब्दांत म्हणा. जे सांगाल ते बाहेर जाऊच शकत नाही. हे बंधन धर्मगुरूला कुठल्याही कारणासाठी मोडता येत नाही.

दिलेले प्रायश्चित्त शक्यतो देवळातून निघण्यापूर्वी पुरे करा. मन लगेच पिसासारखे हलके झाले नाही तर घाबरू नका. क्षमा संस्काराने झालेली असते. बावीस वर्षांचा भार उचलून चालायची सवय झालेल्या खांद्यांना ते कळायला काही दिवस लागतात.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळून आहे. दोन वर्षे मला देवळात जाता आलेले नाही. मी धर्मग्रामात आहे की नाही, तेच कळेनासे झालेय.

उत्तर : आहात. रविवारच्या मिस्सेचे बंधन या काळात तुम्हाला लागू नाही. पण बंधन नाही म्हणून भेट बंद व्हावी, असेही नाही.

धर्मग्राम कार्यालयाला उद्याच कळवा. एकदाच्या भेटीवर थांबू नका, घरी नियमित कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) मागा. बऱ्याच ठिकाणी यासाठी नेमलेले सेवक दर आठवड्याला येतात. वार आणि वेळ ठरवून घ्या. एका छोट्या टेबलावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवा. आईला गिळणे अवघड असेल तर आधीच सांगा, म्हणजे अगदी लहान तुकडा देतात. घन काहीच जात नसेल तर द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते, मात्र धर्मगुरूंना त्याची तयारी करावी लागते. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना आणि वृद्धांना लागू नाही, तसाच त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. म्हणजे तुम्हालाही नाही. तेव्हा त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नका, आईशेजारी बसून तुम्हीही घ्या. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (धर्मगुरू प्रार्थना करून तेल लावतात तो संस्कार) शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. गंभीर आजारात तो आत्ताच मागता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही.

दुसरी मागणी स्वतःसाठी करा. ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्यांना नेमके काम आणि नेमकी वेळ द्या : दर गुरुवारी चार ते सहा आईजवळ बसाल का? मोघम विनंतीला मोघम होकार मिळतो. त्या दोन तासांत बाजारहाट उरकू नका, निदान महिन्यातून एकदा तरी देवळात जाऊन मागच्या बाकावर बसा.

आणि रात्री आई झोपली की चर्चची रात्रप्रार्थना म्हणा, सात-आठ मिनिटांची असते. शनिवारच्या रात्री ४ थे आणि १३४ वे स्तोत्र असते, रविवारच्या रात्री ९१ वे. शेवटी रोज लूकच्या दुसऱ्या अध्यायातले म्हाताऱ्या शिमोनाचे गीत येते. तीच प्रार्थना त्या रात्री मठांमधून आणि कितीतरी घरांमधून म्हटली जात असते. एखाद्या दिवशी म्हणता म्हणता डोळा लागला तर तिथेच सोडा, उरलेली ते म्हणतील.