बाईंना विचारा : पुरीला न्यायचं आहे, पण शाळा?

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यातले. सहा एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. यंदा फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर घेतलेलं जादा पीक, ठेवायची नाही असं ठरलं आहे. जानेवारीच्या मध्यापर्यंत तूर निघेल, पऱ्हाटी उपटून होईल आणि कापसाचे पैसेही तोवर हातात येतील. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. दोन वर्षांपासून त्यांचं एकच म्हणणं, "मले एकडाव जगन्नाथाले नेऊन आणा, अन् तो समुद्र दाखवा." जाऊबाईंच्या घरचे आणि आम्ही मिळून अकरा दिवसांत पुरी, कोणार्क, भुवनेश्वर करावं म्हणतो. मुलगी सहावीत आहे, मुलगा तिसरीत, दोघंही गावातल्याच शाळेत. मुख्याध्यापक सर म्हणाले, "एवढी रजा मिळत नसते, नाव कमी होईल." शेजारीण म्हणते, ताप आला म्हणून सांगून द्या. माझा भाऊ म्हणतो, मे महिन्यात जा. पण मे महिन्यात आमच्याजवळ पैसा राहत नाही आणि सासूबाईंना ऊन सोसत नाही. मुलगी हुशार आहे. पहिल्या वेचणीला बाया मिळाल्या नाहीत तेव्हा सात-आठ दिवस माझ्यासोबत वावरात आली, तरी चाचणीत मागे पडली नाही. काय करावं?
— एक आई

उत्तर : ताई, जा. सासूबाईंना न्या आणि दोन्ही लेकरांनाही न्या. ताप आल्याचं तेवढं सांगू नका.

नाव कमी होण्याची भीती आधी मनातून काढून टाका. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, त्या वर्गांत मागे ठेवण्याची तरतूदही आली. पण नाव कापायची मुभा तेव्हाही दिलेली नाही, आणि तुमची मुलं तर तिसरी-सहावीत आहेत. शाळेचे किमान दिवसही याच कायद्यानं ठरवले आहेत : पाचवीपर्यंत 200, सहावी ते आठवी 220. तुमच्या अकरा दिवसांतले रविवार सोडले तर बुडतात नऊ-दहा. महिन्याहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरतात. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

एवढं वाचून मासिक हातात घेऊन सरांना कायदा ऐकवायला मात्र जाऊ नका. मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होते, त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापिका म्हणून. त्या खुर्चीत बसलेल्याला रोजची हजेरी वर कळवावी लागते, आहाराला किती मुलं जेवली ते भरावं लागतं, आणि पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, शिक्षकाचं एक पद जातं. तरी सर "नाही" म्हणतात त्याचं खरं कारण याहून वेगळं असावं. तुम्हाला पुरीसाठी हो म्हटलं, की उद्या दहा घरचे वेचणीसाठी पोरं मागायला येतील, ही त्यांची धास्ती आहे. ती खोटी नाही. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की माझाही वर्ग रिकामा होऊ लागायचा.

म्हणून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींवर मी थांबले. पुरीच्या अकरा दिवसांसाठी तुम्ही सरांना विचारलंत, भावाला विचारलंत, मला पत्र लिहिलंत. मुलीच्या वेचणीच्या सात-आठ दिवसांसाठी कोणाला विचारलं होतं?

बाभुळगाव तालुक्यात असताना माझ्या वर्गात पाचवीची एक मुलगी होती. तिचा हजेरीपट अजून डोळ्यांपुढे आहे. हजर दिवसाला निळ्या शाईनं "ह", गैरहजर दिवसाला लाल शाईनं "गै". तिच्या ओळीत सलग चार लाल खुणा कुठंच नव्हत्या. एक इथं, दोन तिथं. निंदणाच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला, बाजाराच्या दिवशी घर राखायला, वेचणीत आईच्या मदतीला. मार्चमध्ये मी बेरीज केली तर 58 दिवस भरले. वडील म्हणायचे, "पोरगी हुशार हाय बाई, वाचून घेते." हुशार होतीच. पण अपूर्णांकांची बेरीज शिकवली नेमके तेच दिवस तिचे वावरात गेले. पुढं दशांश आले, मग शेकडेवारी आली, आणि प्रत्येक वेळी तिचा पाय त्याच न शिकलेल्या पायरीवर अडकायचा. सातवीनंतर शाळा सुटली. माध्यमिक शाळा सहा किलोमीटरवर, आणि गणित डोक्यात शिरत नाही असं ती स्वतःच म्हणू लागली होती. ती बेरीज मी मार्चमध्ये केली याचं मला आजही दुःख आहे. नोव्हेंबरात केली असती तर तिच्या घरी जाऊन बसले असते.

वेचणीची अडचण मला कळते, ताई. बोंडं फुटून लोंबतात, वर आभाळ भरून येतं, आणि बाई मिळत नाही. तरी यापुढं मुलीला रविवारी न्या, शाळा सुटल्यावर न्या, शाळेच्या वेळेत नेऊ नका. आणि सरांकडं जाल तेव्हा हे तुम्हीच आपण होऊन सांगा : "सर, वेचणीत पोरीचे दिवस बुडाले, ते आता होणार नाही. हे अकरा दिवस तेवढे द्या." असं म्हणणाऱ्या आईला नाही म्हणणं मला तरी जड गेलं असतं.

(ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर महिनोन्‌महिने जावं लागणाऱ्या घरांची गोष्ट निराळी. त्यांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं. गावात आजी-आजोबा असतील आणि हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर मूल गावातच ठेवलेलं बरं.)

आता शेजारणीचा सल्ला. घाटंजीकडच्या एका गावात चौथीतला एक मुलगा बारा दिवस आला नाही. आल्यावर वडिलांनी टायफॉइड सांगितला. मी विश्वास ठेवला, त्याला पुढच्या बाकावर बसवलं, डबा संपवतो की नाही ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात निबंध दिला, "मी पाहिलेले ठिकाण". त्यानं गावच्या बुधवारच्या बाजारावर सात ओळी लिहिल्या. महिन्याभरानं त्याच्याजवळ पट्टी मागितली. त्यानं कंपासपेटी उघडली तर आत पट्टीखाली कापूस, आणि कापसात चार शिंपले. एक इतका लहान, की तुरीच्या दाण्याएवढा. मी विचारलं तर पेटी झाकली आणि रडायला लागला. आईवडिलांसोबत तो सोमनाथ-द्वारकेला जाऊन आला होता. समुद्र पाहिला होता, त्याच्या पाण्यात उभा राहिला होता, आणि महिनाभर वर्गातल्या एकाही पोराला ते सांगू शकला नव्हता. घरून बजावलं होतं, बाईंना कळलं तर मार बसेल. मार मी कधी दिला नसता, पण तसं त्याला वाटावं अशी माझी शाळा होती, हेही खरं.

आपल्या गावातल्या पोरानं समुद्र पाहावा आणि तो मनात दाबून ठेवावा, याहून मोठं नुकसान नऊ-दहा दिवसांच्या गैरहजेरीनं होत नाही.

तर असं करा. 26 जानेवारीच्या आधी निघू नका. झेंडावंदन, लेझीम, कवायत यांच्यासाठी मुलं महिनाभर घाम गाळतात, आणि मधूनच दोन मुलं गेली की शिक्षकांची बसवलेली रांग मोडते. 27 ला निघा. कोऱ्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहा : मुलांची नावं, इयत्ता, 27 जानेवारी ते 6 फेब्रुवारी, कुठं जाणार, सोबत कोण, आणि बुडालेला अभ्यास घरी करून घेऊ. तारीख टाका, सही करा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मग वर्गशिक्षकांना विचारा की या दिवसांत भाषा आणि गणिताचे कोणते पाठ होणार आहेत. सगळी पुस्तकं नेऊ नका. तिसरीच्या मुलाला रोज एक पान वाचन आणि पाच उदाहरणं पुरेत. मुलीच्या गणिताचा तेवढा एक पाठ उतरवून न्या आणि गाडीत करून घ्या. जायला-यायला एकेक दिवस आणि रात्र हाताशी असतेच.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 27 जानेवारीचं म्हणजे 28 नोव्हेंबरला, त्यामुळं सरांशी बोलणं त्याआधी व्हायला हवं. 5 ते 12 वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. मुलीला 12 पूर्ण झाली असतील तर पूर्णच. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागा.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

निघण्याआधी मुलाच्या हातात दहाची चॉकलेटी नोट द्या. तिच्या मागच्या बाजूला कोणार्कचं सूर्यमंदिर आहे. पुरीहून कोणार्क 35 किलोमीटर. तिथं गेल्यावर नोट काढून समोर धरायला सांगा आणि दगडी चाकं मोजायला लावा. रथाची 24 चाकं आहेत, घोडे 7. तेराव्या शतकात राजा नरसिंहदेवानं बांधलं. मुलाला राजाचं नाव राहणार नाही, चाकं राहतील. तिसरीच्या वयाला तेवढं पुष्कळ.

मुलीचं काम वेगळं. सहावीच्या भूगोलात अक्षवृत्त-रेखावृत्त आहेतच. निघण्याच्या आदल्या दिवशी वावरात उभं राहून सूर्य नेमका किती वाजता वर आला ते घड्याळात पाहून वहीत लिहायला लावा. मग पुरीच्या किनाऱ्यावर तसंच लिहायला लावा. मारेगाव आणि पुरी जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, पण पुरी सुमारे 7 अंश पूर्वेला. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे तिथं सूर्य जवळपास अर्धा तास आधी दिसेल. फळ्यावर मी हे कितीदा तरी शिकवलं, पोरांनी माना डोलावल्या. तुमची मुलगी ते स्वतःच्या घड्याळात पाहणार आहे.

भुवनेश्वरजवळ धौलीला अवश्य थांबा. कलिंगच्या युद्धानंतरचे अशोकाचे लेख तिथल्या खडकावर कोरलेले आहेत, आणि मौर्यांचा पाठ तिच्या इतिहासात याच वर्षी आहे.

आणि समुद्रापाशी उभे राहाल तेव्हा दोघांना सांगा, की आपल्या वावरावर पडलेलं पाणी नाल्यानं वर्धा नदीला जातं, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी याच बंगालच्या उपसागराला. गोदावरीचं मुख पुरीपासून बरंच दक्षिणेला आहे, पण समुद्र तोच. हे सासूबाईंनाही सांगा.

पुरीच्या लाटा जोराच्या असतात, पाय ओढतात. टोकदार टोप्या घातलेले नोलिया तिथं माणसांना सांभाळायला उभे असतात. त्यांच्या नजरेआड पोरांना पाण्यात सोडू नका, आणि गुडघ्याच्या वर तर मुळीच नाही. मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे एका पिशवीत बांधून एकानं बाहेर थांबावं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलांना शाळेत पाठवा, थकली म्हणून आणखी दोन दिवस घरी ठेवू नका. सरांना महाप्रसाद द्या. वर्गशिक्षकांना विनंती करा, की मुलाला एकदा वर्गापुढं उभं करून समुद्राबद्दल बोलू द्यावं. तिसरीच्या वर्गात किती मुलं आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. निघण्याआधी पट विचारून घ्या आणि मोजून तेवढे शिंपले आणा. दुकानातले नकोत, त्यानं स्वतः वाळूतून वेचलेले.