आधी सांग, मग बसव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गेल्या तीन आठवड्यांतले तुझे सगळे मेसेज आज ओळीने पुन्हा वाचले. पहिला डिसेंबर २०२५ मधली लिव्हरपूल-लीड्सची मॅच संपल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर पाठवलेला. मोहम्मद सलाहला बाकावर बसवलं म्हणून लिव्हरपूलच्या मॅनेजरला, आर्ना स्लॉटला, त्यात तू जे काही म्हटलं आहेस ते मी इथे परत लिहीत नाही. शेवटचा मेसेज कालचा. त्यात सलाह नाही, लिव्हरपूल नाही. तुझी चौदा वर्षांखालची टीम आहे, दोन आठवडे प्रॅक्टिसला न आलेला दहा नंबरचा पोरगा आहे आणि शनिवारची मॅच आहे. 'त्याला बसवलं तर मी पण स्लॉटच झाले ना, सर?' या एका वाक्यासाठी हे पत्र. फोनवर बोललो असतो तर तू मला मधे मधे तोडलं असतंस, आणि मला हे सलग सांगायचं आहे.

आधी सांग, मग बसव. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण तुझ्या एकाही मेसेजमध्ये हा प्रश्न मला सापडला नाही. सलाहला का बसवलं, हे तू दहादा विचारलंस. त्याला ते कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कसं सांगितलं, हे एकदाही विचारलं नाहीस.

तुझा राग मला कळतो. २०२४-२५ च्या लीगमध्ये ज्याने २९ गोल केले, वर १८ गोल दुसऱ्यांना करून दिले, त्याला वेस्ट हॅमविरुद्ध पूर्ण वेळ बाकावर, संडरलंडविरुद्ध अर्धी मॅच झाल्यावर आत, आणि लीड्सविरुद्ध ३-३ होत असताना पुन्हा बाकावरच. रात्री अकराची मॅच बघायला तू घरच्यांशी वाद घालून जागतेस आणि ज्याच्यासाठी जागतेस तो मैदानात पाऊलही टाकत नाही. चिडणारच. पण त्यानंतर सलाह जे बोलला ते नीट ऐक. नुसतं बसवल्याचं दुखणं असतं तर तो दात-ओठ खाऊन गप्प राहिला असता. आपल्याला बळीचा बकरा केलं, उन्हाळ्यात बरीच आश्वासनं दिली होती, आणि आता मॅनेजरशी काही नातंच उरलेलं नाही, असं तो म्हणाला. तेहेतिसाव्या वर्षी, क्लबमध्ये जिंकण्यासारखं बहुतेक सगळं जिंकून झाल्यावर, त्या माणसाला बाकापेक्षा नातं तुटल्याचं लागलं.

त्या दोघांत बंद दाराआड काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक. स्लॉटचीही बाजू असेल. तो सलाहला रोज ट्रेनिंगमध्ये बघतो, तू आठवड्यातून दीड तास बघतेस. आणि जुलैमध्ये त्यांच्याच संघातला जोटा अपघातात गेला. ज्या ड्रेसिंग रूममधून एक माणूस असा उठून जातो, तिथे त्या सीझनला कोण कसं खेळेल याचा हिशेब कोणत्या मॅनेजरकडे असतो? चाहत्यांनी याचा फार कमी विचार केला. तूही केला नाहीस. इटलीच्या इंटरविरुद्धच्या मॅचला सलाहला मिलानला नेलंच नाही, तरी १-० जिंकले. मग ब्रायटनविरुद्ध गोमेझला लागलं, सलाह लवकर आत आला, एकिटिकेचा दुसरा गोल त्याच्याच कॉर्नरवर झाला आणि लगेच तुझा मेसेज: 'बघा सर, सांगत होते ना!' काय सांगत होतीस? सलाह मोठा खेळाडू आहे हे? ते नाकारलं कोणी होतं?

मोठ्या खेळाडूला कधीच बसवू नये असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. बसवावं लागतं. फॉर्म जातो, पाय जड होतात, कधी समोरच्या टीमला वेगळा माणूस लागतो. त्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो खेळाडूला यादीतून कळतं तेव्हा.

आपल्या घरचंच उदाहरण घे. खालिद जमील. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसीचा अनेक वर्षं कोच असलेला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर येणाऱ्या जुन्या माणसांना तो परका नाही. २०१६-१७ मध्ये त्याने ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा कोच झाला आणि पहिल्याच स्पर्धेला, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला, त्याने भारतासाठी सर्वांत जास्त गोल केलेल्या सुनील छेत्रीला घेतलं नाही. छेत्रीला! तेव्हाही तू मला रागाने मेसेज केला होतास. पण खालिदने काय केलं ते बघ. ही स्पर्धा ऑक्टोबरच्या आशिया कप पात्रता मॅचेसच्या तयारीची आहे, इथे मला दुसऱ्या खेळाडूंना आजमावायचं आहे, सुनीलला मी हे सांगितलं आहे, त्याच्यासाठी दार कायम उघडं आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. सुनीलला मी सांगितलं आहे. माझ्या दृष्टीने मॅनेजरचं निम्मं काम त्या वाक्यात झालं. भारत तिथे ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला, आणि ऑक्टोबरमध्ये छेत्री पुन्हा संघात होता. १४ डिसेंबरला वानखेडेवर मेस्सीला बघायला गेलीस तेव्हा त्याच्या शेजारी तू ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्यास, तो हाच ऑगस्टमध्ये वगळलेला माणूस.

आता तू म्हणशील, पण सर, सिंगापूरशी मडगावला १-२ हरलो, आशिया कपचं दार बंद झालं, मग सांगून काय मिळालं? याच प्रश्नाची मला चीड येते. सांगायचं ते जिंकण्यासाठी नसतं. समोरच्या माणसाने क्लबसाठी, देशासाठी घाम गाळलेला असतो, म्हणून सांगायचं. जिंकलो तर सांगणं बरोबर आणि हरलो तर चूक, असला हिशेब करायचा असेल तर कोचिंग सोड आणि सट्टा लाव.

चाहते हाच हिशेब करतात. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये ६ डिसेंबर २०२२ ला पोर्तुगालच्या कोचने, फर्नांडो सान्तोसने, स्वित्झर्लंडविरुद्ध रोनाल्डोला बसवलं. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅटट्रिक केली, पोर्तुगाल ६-१ जिंकलं, सान्तोस हुशार ठरला. चार दिवसांनी मोरोक्कोशी ०-१ हरले आणि तोच सान्तोस मूर्ख ठरला. दोन्ही मॅचला रोनाल्डो सुरुवातीला बाकावरच होता. मला त्या सगळ्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वित्झर्लंडच्या मॅचच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सान्तोसने रोनाल्डोला बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं. रोनाल्डोला ते आवडलं नाही. सान्तोसने तेही लपवलं नाही. आवडलं पाहिजे असं कुठे आहे? समोरच्याला राग येईल म्हणून गप्प बसणं याला मी दया म्हणत नाही, भित्रेपणा म्हणतो.

सांगितल्याने जखम होत नाही असंही समजू नकोस. १९९० मध्ये एफए कपच्या फायनलला क्रिस्टल पॅलेसशी ३-३ झाल्यावर रिप्लेसाठी (पुन्हा खेळवलेल्या फायनलसाठी) मँचेस्टर युनायटेडच्या मॅनेजर फर्ग्युसनने गोलकीपर जिम लेटनला काढून लेस सीलीला उभं केलं. १-० जिंकले. फर्ग्युसनची युनायटेडमधली ती पहिली ट्रॉफी, पुढचं सगळं साम्राज्य तिच्यावर उभं राहिलं. लेटन ॲबर्डीन या जुन्या क्लबपासूनचा त्याचा माणूस. त्याने फर्ग्युसनला कधीच माफ केलं नाही. तेव्हा बसवलंस की दुखणारच, कधी कधी आयुष्यभर दुखणार. तुझ्या हातात एवढंच आहे की वार समोरून व्हावा, पाठीत नको.

मला पाठीत बसलेला आहे. मी मुंबईच्या हारवूड लीगमध्ये एका ऑफिसच्या टीमकडून लेफ्ट विंगला खेळायचो, हे तुला माहीत आहे. हे माहीत नसेल की एका महत्त्वाच्या मॅचला परळहून बूट पिशवीत घालून कूपरेजला पोचलो, तर ड्रेसिंग रूमच्या दारावर लावलेल्या कागदावर माझं नाव नव्हतं. अकरात नाही, राखीवांतही नाही. आमचा कोच तिथेच तंबाखू मळत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कारण मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे मी त्याच टीमकडून खेळलो, ऑफिसची नोकरी होती, खेळावंच लागलं. पण त्या माणसासाठी जीव तोडून एकदाही धावलो नाही. त्याने मला खेळवलं असतं आणि मी वाईट खेळलो असतो तर इतकं लागलं नसतं. तो नुसता 'आज नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं.

म्हणून मी कोच झाल्यावर एक नियम केला आणि तो मोडला नाही. वरळीचा एक पोरगा होता माझ्याकडे. डावा पाय असा की बघणाऱ्याने दुसरीकडे बघू नये. सेमीफायनलच्या आधी त्याचं बिनसलं. उशिरा यायचा, लहान पोरांना घालून पाडून बोलायचा, 'मी आहे म्हणून तुम्ही आहात' म्हणायचा. आदल्या रात्री मी त्याच्या घरी गेलो. आई बाजूला बसलेली होती. सांगितलं, उद्या सुरुवातीला तू नाहीस. का नाहीस ते सांगितलं. कोणत्या गोष्टी बदलल्यास की परत येशील तेही सांगितलं. तो काही बोलला नाही, खाली मान घालून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी बाकावर बसला, दुसऱ्या हाफला मी त्याला आत घेतलं, आणि आम्ही एका गोलने हरलो.

कमिटीने माझ्यावर आगपाखड केली. मॅच मी घालवली म्हणाले. सीझन संपला तसा नवा कोच आणला. पोरगाही पुढे नोकरीला लागला, खेळ सुटला. संतोष ट्रॉफीत महाराष्ट्राची जर्सी त्याच्या अंगावर दिसायला हवी होती, ती दिसली नाही, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. पण त्या रात्री त्याच्या घरी गेल्याचं, त्याला बसवल्याचं वाईट वाटत नाही. जुने लोक भेटले की अजून तोच विषय काढतात, तू हट्टीपणा केलास म्हणतात. केला. त्यांच्यापैकी एकानेही कधी कोणाला त्याच्या तोंडावर काही सांगितलं होतं का? ते सगळे निर्णय मागच्या खोलीत घ्यायचे आणि कागद लावायला शिपायाला पाठवायचे. आणि तो पोरगा? आता संसारी माणूस झाला आहे. मला बघितलं की रस्ता ओलांडून येतो. मी ज्याच्यासाठी जीव तोडून धावलो नाही, तो कोच मला समोरून दिसला तेव्हा मी रस्ता बदलला होता. यापेक्षा मोठा पुरावा मला कोणत्या ट्रॉफीने दिला असता?

असो. आता तुझं काम.

'ग्रुपवर यादी टाकली की चालेल ना?' असं तू विचारलं आहेस. नाही चालणार. ग्रुपवर टाकलेली यादी म्हणजे माझ्या वेळचा दारावरचा कागदच. बाकीची पोरं अंगठे दाखवतील आणि हा एकटा घरी बसून स्क्रीन बघत राहील. शुक्रवारी त्याला भेट. शनिवारी मैदानावर, बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत असताना नको. आणि सांगण्याआधी विचार, दोन आठवडे का आला नाहीस. चौदा वर्षांच्या पोराच्या घरी काय चाललं आहे ते तुला माहीत नाही. वडिलांची नोकरी गेली असेल, आजी आजारी असेल, क्लासवाल्यांनी वेळ बदलली असेल. कारण खरं निघालं तर तुझा निर्णय बदलूही शकतो, बदल. पण नुसता कंटाळा असेल तर ऐकून घे आणि निर्णयावर ठाम राहा. सांगणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे.

सुरुवातीला कौतुकाचे हार घालू नकोस, पोरांना लगेच कळतं पुढे काय येणार ते. काय दिसलं ते सांग, काय हवं ते सांग, कोणत्या प्रॅक्टिसपासून परत मोजणार ते सांग. जे तुझ्या हातात नाही त्याचं वचन देऊ नकोस. सलाहला आश्वासनंच बोचली, हे लक्षात ठेव. आणि त्याच्या जागी ज्याला खेळवणार आहेस त्यालाही वेगळं बोलाव. हे बहुतेक कोच विसरतात. त्या पोराला वाटता कामा नये की दहा नंबर आला नाही म्हणून आपण. तू त्याच्यात काय बघितलंस ते त्याला कळू दे.

लिव्हरपूलसाठी रात्री जागणं बंद कर असं मी म्हणणार नाही. ओरड, स्लॉटवर चीड, तुझा हक्क आहे तो. मात्र पुढच्या वेळी कोणाला बसवलं की पहिला प्रश्न हा विचार: त्याला आधी सांगितलं होतं का? उत्तर 'नाही' असेल तर मीही तुझ्याबरोबर ओरडेन. 'हो' असेल तर नव्वद मिनिटं मॅच बघ.

आणि तू स्लॉट होणार की कोण होणार याची काळजी सोड. तू त्या पोरांची कोच आहेस, तेवढं पुष्कळ आहे.

त्या मुलाचे वडील फोन करतील, बहुतेक शुक्रवारी रात्रीच. उचल. मुलाला जे सांगितलंस तेच त्यांना सांग, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ते आवाज चढवतील, तू चढवू नकोस. मॅच कुठल्या ग्राउंडवर आणि किती वाजता आहे ते मला कळव.

तुझे
सर