वाचकांचे प्रश्न : इन्स्टॉलर सुधारायचाय, पण कोडिंग येत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टीम) टाकून देतो म्हणालो, पेनड्राइव्ह लावला, नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो आणि डिस्कच्या स्क्रीनवर जे आधीच निवडलेलं होतं तेच राहू दिलं. विंडोज गेलं ते गेलं, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटोपण गेले. काका काही बोलले नाहीत पण मला झोप लागत नाही. हे इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स बसवून देणारे प्रोग्रॅम, सुधारायला पाहिजेत असं फार वाटतं, पण मला कोडिंग येत नाही. मी काय करू शकतो?

उत्तर : आधी फोटोंचं बघू. लॅपटॉप बंद कर आणि बंदच ठेव, कारण त्यावर जेवढं काम करशील तेवढ्या नवीन फाइल जुन्या फोटोंच्या जागेवर बसत जाणार. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं) चालू करून फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम चालव आणि जे सापडेल ते बाहेरच्या डिस्कवरच सेव्ह कर, त्याच लॅपटॉपवर नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बरेच फोटो मिळू शकतात, एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) असेल तर आशा कमी, कारण फॉरमॅट होताना एसएसडीला बहुतेक वेळा 'ही जागा आता रिकामी' असं कळवलं जातं आणि ती आतून साफ करून टाकते. फाइलींची नावं परत येत नाहीत, पण फोटो आला तर नावाचं काय एवढं.

आता इन्स्टॉलरचं. भाषा, टाइमझोन, कीबोर्ड, यातलं काही चुकलं तर नंतर बदलता येतं. डिस्कचं चुकलं तर बदलता येत नाही, म्हणून सगळी मेहनत त्या एका स्क्रीनवर व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. 'नक्की ना?' असं विचारून काही होत नाही, माणूस तोपर्यंत दहा वेळा नेक्स्ट दाबून आलेला असतो. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, त्याचा इन्स्टॉलर डिस्कवर लिहिण्याआधी शेवटचं विचारतो तेव्हा आधीपासून 'नाही' निवडलेलं असतं, हे फार चांगलं आहे, पण त्या स्क्रीनवर डिस्कची नावं असतात एसडीए (sda) वगैरे, त्यावरून तुझ्या काकांना काय कळणार? तिथे असं लिहिलेलं पाहिजे की या डिस्कवर विंडोज आहे, इतके जीबी भरलेले आहेत, आणि हे सगळं पुसलं जाणार.

फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट तर मुद्दाम वाचण्यासारखी आहे. त्यांच्या इन्स्टॉलरचं नाव अ‍ॅनाकोंडा. जानेवारी 2013 मध्ये फेडोरा 18 आलं त्यात त्यांनी तो पूर्ण नव्याने मांडला, सगळे विषय एका मुख्य पानावर, हवा तो आधी उघडा, आणि शेवटचं बटण दाबेपर्यंत डिस्कला हात लागणार नाही. कल्पना चांगली होती. पण आतल्या प्रत्येक स्क्रीनवर 'झालं'चं बटण वर डाव्या कोपऱ्यात, आणि आपली नजर सवयीने जाते खाली उजवीकडे, त्यामुळे लोक अडकायचे, डिस्कच्या भागात तर जास्तच, आणि तक्रारी भरपूर झाल्या. एप्रिल 2025 ला फेडोरा 42 आलं तेव्हा वर्कस्टेशन या रोजच्या वापराच्या आवृत्तीसाठी नवा इन्स्टॉलर दिला, तो परत एकामागून एक पायरी असा चालतो. म्हणजे नवख्या माणसाला सगळं एकदम समोर ठेवण्यापेक्षा कशानंतर काय ते दाखवलेलं बरं, हे कळायला 12 वर्षं गेली. आणि हे कोडवाल्यांपेक्षा तुझ्यासारख्याला आधी दिसतं, कारण ज्याने शंभर वेळा इन्स्टॉल केलंय तो ती स्क्रीन वाचतच नाही.

तर तू असं कर. व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) घे आणि त्यात 25 जीबीची खोटी डिस्क बनव, तिथे कितीही वेळा पुसलं तरी कुणाचं काही जात नाही. मग घरातल्या कुणाला तरी, आत्याला, मित्राला, ज्याने कधी हे केलं नाही त्याला समोर बसव आणि तू एक शब्द बोलू नकोस. ती कुठे थांबली, कुठला शब्द दोनदा वाचला, कुठे तुझ्याकडे वळून बघितलं, तेवढं लिहून काढ. हेच कळवायचं. डेबियनमध्ये इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स म्हणून याच्यासाठी वेगळी सोय आहे, इन्स्टॉल नीट झालं तरी त्यांना कळवलेलं हवं असतं. कुठली इमेज (पेनड्राइव्हवर टाकलेली इन्स्टॉलरची फाइल), कुठल्या तारखेची, कुठलं मशीन, कुठल्या पायरीला काय झालं, आणि सोबत लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने काय काय केलं त्याच्या नोंदी, जोड, ते इन्स्टॉलनंतर व्हार-लॉगच्या आत इन्स्टॉलर नावाच्या फोल्डरमध्ये (/var/log/installer) असतात. 'फार अवघड आहे' असं लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही, 'या स्क्रीनवर हा शब्द कळला नाही' लिहिलं तर करू शकतं. जमलं तर त्या शब्दाच्या जागी काय हवं तेपण सुचव.

प्रश्न : मी रत्नागिरीला शाळेत शिकवते. डेबियनच्या साध्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये मराठी का दिसत नाही?

उत्तर : ताई, काळ्या पडद्याच्या त्या कन्सोलला आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नाहीत. म्हणूनच ग्राफिकल इन्स्टॉलर आपल्यासाठी एवढा महत्त्वाचा, तो डेबियन 4.0 पासून, म्हणजे 2007 पासून आहे, त्यातून चालू केलंत की मराठी निवडता येते. एक जपा, पासवर्ड टाइप करताना ठिपके दिसतात, कीबोर्ड मराठी असेल तर कुठल्या लिपीत काय उमटलं कळत नाही, त्यामुळे पासवर्ड दाखवायचा चौकोन टिक करून एकदा बघाच. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरातच द्या. आणि मराठी वाक्यं विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचायला लावा, जिथे मुलं अडखळतील तिथलं भाषांतर सुधारायला हवं. डिस्कचे भाग पाडण्याला 'विभाजन'पेक्षा 'पार्टिशन' लवकर कळत असेल तर तसं कळवायला अजिबात संकोच करू नका.

प्रश्न : इन्स्टॉल करताना वायफाय सापडतच नाही, दरवेळी केबल कुठून आणू?

उत्तर : बऱ्याच वायफाय चिपला कंपनीचं बंद फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम ज्याचा कोड कंपनी उघड करत नाही, तो लागतो आणि डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये ते आधी नसायचं. 2022 मध्ये डेबियनच्या लोकांनी यावर मतदान घेतलं आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून ते इमेजमध्येच येतं. तुमचा पेनड्राइव्ह त्याआधीचा असेल तर नवीन इमेज उतरवून घ्या. तरी नाहीच सापडलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा इन्स्टॉलर त्याला केबलचं नेटवर्क समजून घेतो.