अमेरिकन रॅपर कार्डी बीचं 'बोडॅक येलो' हे गाणं एवढं गाजलं, त्यात विशेष काय होतं?

बीट म्हणाल तर एकदम साधी, आणि फ्लो (म्हणजे शब्द तालात म्हणायची ढब) तर सरळ रॅपर कोडॅक ब्लॅकच्या 'नो फ्लॉकिन' गाण्यावरून उचललाय (लपवलं नाहीये, नावातच कोडॅकचं बोडॅक केलंय आणि त्याला क्रेडिटपण दिलंय). पण बाई न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सची, आधी स्ट्रिपर, मग रिअ‍ॅलिटी शो, त्यामुळे पैसे आल्यावर दात नीट करून घेतले, लाल तळव्यांचे महागडे बूट घेतले असं ती ठसक्यात सांगते ना तेव्हा ते पोकळ वाटत नाही. २०१७ मध्ये टेलर स्विफ्टला खाली खेचून बिलबोर्डवर (अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य चार्टवर) नंबर वन, तेही गाण्यात दुसऱ्या कुणाला फीचर न करता! १९९८ च्या लॉरिन हिलनंतर एकट्या रॅपर बाईला हे जमलंच नव्हतं. तोपर्यंत रॅपर निकी मिनाजलासुद्धा नाही, बोला आता.